मागच्या खोलीतला जस्ताचा खडा

माझी बायको गेली त्यानंतर मागच्या खोलीला मी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. मुलानं एकदा विचारून पाहिलं, की खताची पोती तिथं ठेवली तर ओली होणार नाहीत. मी किल्ली सोडली नाही. त्यानं पोती पडवीत रचली. खोलीत तिची बाज होती, बाजेखाली पाण्याचा गडवा होता आणि भिंतीतल्या फळीवर तिच्या औषधांच्या बाटल्या होत्या. त्या मी हलवल्या नाहीत आणि कोणाला हलवू दिल्या नाहीत.

तिला शुगर होती. गोळी तिनं सकाळ-संध्याकाळ नेमानं घेतली. चहातली साखर सोडली, पुरणपोळी सोडली, आंबा सोडला. राळेगावच्या बाजारातून मी आंबे आणायचो, ते ती सगळ्यांना चिरून द्यायची आणि हात धुऊन बाजूला बसायची. तरी पायाचं बोट काळं पडलं. यवतमाळला नेलं, पायाचा एक्स-रे काढला, बोट काढलं, मग दुसरं काढलं. मग मूत्रपिंडावर गेलं. ती खोली गार म्हणून शेवटी तिथं झोपायची. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, वर एक झरोका. तिथंच गेली. जायच्या आधी तिनं मला शपथ घातली की गोळी सोडू नका, कारण तोवर मलाही तोच आजार निघाला होता. म्हणून मी घेतो. माझा गोळीवर भरवसा आहे म्हणून घेत नाही. हे मी डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

माझ्या मुलाची मुलगी यवतमाळला कॉलेजात रसायनशास्त्र शिकली आणि आता तिथंच संशोधन करते. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, पुढं बैलांमागं. ती काय करते हे मी कधी विचारलं नव्हतं. न समजलेल्या गोष्टीला मान हलवायची मला सवय नाही, आणि मला समजलं नाही हे नातीला दिसावं, असंही वाटत नव्हतं.

गेल्या श्रावणात ती एसटीनं गावी आली. मांडीवर बुटाचं खोकं घेऊन आली होती. एसटीत कोणाला हात लावू दिला नाही म्हणे. घरात आल्यावर पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर उभी राहिली.

"आबाजी, मागची खोली उघडता का?"

"कायले?"

"माह्या बाटल्या ठेवाच्या हाय. तिथं कोणी जात नाही, पंखा नाही, हादरा नाही. कॉलेजात वरचा माळा बांधून राह्यले, दिवसभर ठोकठाक. खडा धरतच नाही."

"कशाचा खडा?"

तिनं खोकं उघडलं. आत कापसात रोवलेल्या बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद बांधलेला, आणि त्याला सुईनं भोकं पाडलेली. आत पाण्यासारखं पाणी.

"मिठाचा," ती म्हणाली. "पाणी हळूहळू उडून जाते. ते गेलं की मीठ खडा धरते. घाई झाली की भुगा पडते, नाही तर सुयांचा झुपका. मले एकच खडा पाहिजे. सुटा, साफ, रव्याच्या कणाएवढा."

"रव्याच्या कणासाठी एवढं?"

"हाव. मोठा मशीनले चालत नाही."

"आणि मीठ कशाचं हाय?"

तिनं एक बाटली कापसात नीट रोवली. "जस्ताचं. जस्त आणि एक औषध."

"जस्त म्हणजे बादलीले लावते ते?"

"तेच. तुम्ही सोयाबीनच्या खतात झिंक टाकता, तेही तेच."

"आणि औषध?"

"तुमची शुगरची गोळी हाय नं, तिच्यातलं. आजी घेत होती ते."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी पोरीला विचारलं, "त्या गोळीनं तुह्या आजीचं काय झालं ते तुले माहीत नाही काय?"

"माहीत हाय," ती म्हणाली. "पण आजीसाठी म्हणून नाही करून राह्यली मी. कॉलेजातल्या मॅडमनं विषय देल्ला, मी घेतला. खोटं कायले सांगू?"

तिनं आजीचं नाव पुढं करून खोली मागितली असती तर मी दिली नसती. तसं तिनं केलं नाही. मी करगोट्याची किल्ली सोडली.

खोली उघडली तेव्हा पोरीच्या आईनं झाडू आणला. मी झाडलोट होऊ दिली नाही, पोरीलाही धूळ नको होती, तेव्हा फडक्यानं पुसून घेतलं. बाटल्या तिनं फळीवर ठेवल्या, तिच्या आजीच्या बाटल्यांच्या शेजारी, कारण दुसरी सपाट जागा नव्हती. मग मला समजावून सांगितलं. खडा आतून पाहायचं मशीन आपल्या जिल्ह्यात नाही. मोठ्या शहरात एका संस्थेत आहे, तिथं नंबर लागतो. तिचा नंबर दसरा आणि दिवाळीच्या मधात लागला होता. तोवर चांगला खडा हाती आला नाही तर नंबर जाईल, आणि मॅडमनी सांगून ठेवलं होतं की मग हे मीठ सोडून द्यायचं आणि दुसऱ्या विषयाला पहिल्यापासून लागायचं. इतक्या दिवसांची मेहनत तिथंच पडली असती.

"मंग पह्यलेच दुसरं कायले नाही घेतलं?" मी म्हटलं.

"तुम्ही बांध घातलेल्या वावरातून उठता काय, आबाजी?"

मी खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

ती आठवड्याला येऊ लागली. खोलीत पाय न वाजवता जायची, बाटलीला हात न लावता वाकून पाहायची, परत यायची. मीही जाऊ लागलो. कुलूप लावणं त्या दिवसांत बंद केलं, कारण ती कधी येईल सांगता येत नव्हतं. सुरुवातीला मी फक्त दारातून पाहायचो. मग एक दिवस बाजेवर बसलो. बायको गेल्यापासून त्या बाजेवर मी बसलो नव्हतो. बाटल्यांकडे पाहत बसलो, काही दिसलं नाही, पण बसणं जमलं. पोळ्याच्या जरा आधी एका बाटलीच्या बुडाशी काहीतरी चमकलं. तिला फोन लावला. ती म्हणाली, "हात लावू नका, मी पोळ्याले येते, तेव्हा पाहू."

पोळ्याला माझी मोठी बहीण ढाणकीहून आली. अक्काला सगळं गाव घाबरतं आणि मी थोडा घाबरतो. ती दरसाली येते, बैलांना ओवाळते, जेवणात खोट काढते आणि दुसऱ्या दिवशी जाते. त्या दिवशी संध्याकाळी पोर पण आली. तिनं खोलीत जाऊन भिंगातून पाहिलं आणि बाहेर येऊन मला हळूच सांगितलं, "एक हाय आबाजी. लहान हाय अजून. आठ दिवसांत होईल." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या रोवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उपटायचे, घरातलं फुटकं-तुटकं, जुना झाडू, दुखण्याची उरलीसुरली औषधं असं सगळं टोपलीत घालायचं आणि ओरडत शिवेवर नेऊन टाकायचं. रोगराई, खोकला, खाज, घेऊन जाय वं मारबत. बाया पुढं, पोरं मागं. घरातलं दुखणं गावाबाहेर गेलं असं समजायचं. माझी आई करायची, बायको करायची. बायको गेल्यावर आमच्या घरात ते नीट झालं नव्हतं. सून मेढे तेवढे नेऊन टाकायची.

त्या पहाटे मी बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर गेलो होतो. परत आलो तेव्हा अक्का शिवेवरून येत होती. टोपली रिकामी, पदर खोचलेला.

"काय टाकलं?" मी विचारलं.

"सगळं," ती म्हणाली. "त्या खोलीतलं. इतक्या सालापासून भावजयीचं दुखणं कोंडून ठेवलं तू. कोणी करत नाही म्हणून मी केलं. बाटल्या, पुड्या, फळी झाडून साफ केली."

मी आत गेलो. फळी स्वच्छ होती. पोरीच्या आजीच्या बाटल्या नव्हत्या आणि पोरीच्याही नव्हत्या.

पोर अजून झोपेतून उठत होती. मी तिला काही सांगितलं नाही, काठी घेतली आणि शिवेकडे निघालो. पण सुनेनं तिला सांगितलं असावं, कारण मी पोचण्याआधी ती मला पळत ओलांडून गेली, अनवाणी. शिवेवर पळसाच्या डहाळ्यांचा ढीग पडला होता, फुटकी मडकी, चपला, खराटे. रिमझिम पाऊस चालू होता. ती गुडघ्यांवर बसून एकेक डहाळी बाजूला करत होती. बाटल्या सापडल्या. दोन फुटल्या होत्या, बाकीच्या आडव्या. ज्या बाटलीत खडा होता तिच्यावरचा कागद निघाला होता आणि आत पावसाचं पाणी भरलं होतं.

"विरघळला," ती म्हणाली. "हे मीठ पाण्यात लगेच विरघळते."

मी तिच्या आजीच्या बाटल्याही तिथं पाहिल्या. एकीत थोडं काळं औषध अजून होतं. मी त्या उचलल्या नाहीत. का उचलल्या नाहीत, मला सांगता येत नाही. पोरीचा हात धरून तिला उठवलं आणि घरी आणलं.

अक्का ओसरीवर चहा पीत होती. मी तिच्यासमोर उभा राहून बोललो, आणि बराच बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं कप खाली ठेवला.

"मले काय मालूम होतं त्यात तुह्या नातीचं शिक्षण हाय?" ती म्हणाली. "आजाऱ्याच्या फळीवर औषधाच्या बाटल्या. मी आजाऱ्याच्याच समजले. तू त्या ठेवल्या नसत्या तर मी नेल्या असत्या काय?"

हे खरं होतं म्हणून मला जास्त राग आला.

पोर मधे पडली. "मोठे आजी, राहू द्या. तुम्ही मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम तं केलंच," अक्का म्हणाली. "पण तुह्यासाठी नाही केलं, माय." आणि तिनं पोरीला जवळ ओढलं. अक्का कोणाला जवळ ओढत नाही. मग ती दुपारच्या गाडीनं गेली. जाताना दरवर्षीसारखी जेवणात खोट काढली नाही.

पोर आपली पिशवी भरू लागली. म्हणाली, मॅडमला सांगते की नंबर दुसऱ्याला देऊन टाका.

"कायले?" मी म्हटलं. "औषध संपलं काय?"

"नाही."

"जस्त संपलं?"

"नाही आबाजी, पण दिवस कुठं हाय? आणि कॉलेजात ते ठोकठाक चालूच हाय."

"इथं मांड. आता कोणी जाणार नाही त्या खोलीत. किल्ली माह्याजवळ राहील."

"पुन्हा नाही झालं तं?"

"मंग तवा देजो नंबर."

ती चार-पाच दिवसांत नव्या बाटल्या घेऊन आली. या वेळी फळीवर नाही, जमिनीवर ठेवल्या, कारण जमीन सगळ्यात कमी हालते. मी बाज बाहेर काढून ओसरीवर आणली. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा करगोट्याला. सुनेनं विचारलं, "मामाजी, मी पण नाही जाऊ काय सारवाले?" मी म्हटलं, तू पण नाही, मी पण नाही. फक्त ती येईल तेव्हा उघडेल.

भादवा गेला. हवा कोरडी पडू लागली आणि तिच्या मते आता काम वेग धरणार होतं. बाटल्यांच्या तळाशी काही दिसत होतं, पण तिला पाहिजे तसं सुटं नव्हतं. एका बाटलीवर तिचा जीव होता. ती येऊन त्या एका बाटलीपुढं जमिनीवर पालथी पडून पाहायची. तिनं सांगितलं की आता जे धरून राहिलं आहे, त्याला आठ-पंधरा दिवस कोणी धक्का लावला नाही तर होईल.

त्याच दिवसांत आमचं सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालं. आमच्या घरी सोयाबीनची गंजी कायम मागच्या आवारात लावतात, त्या खोलीच्या भिंतीला लागून. मळणीचा हडंबा तिथंच येतो, ट्रॅक्टरच्या मागं. तो चालतो तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी फळीवरून खाली येतात. मुलानं नंबर लावला होता. गावात एकच हडंबा, त्यामुळे आपला नंबर चुकला तर पुन्हा सगळ्यांच्या मागं.

सकाळी हडंबा फाटकाशी आला. मी फाटकात उभा राहिलो.

"बाबा, बाजूले व्हा," मुलगा म्हणाला.

"आज नाही."

"आज नाही म्हणजे? तो मंग दिवाळीच्या तोंडाले येईल. आभाळ पाहून राह्यले काय तुम्ही?"

"वावरात ने. तिथं लाव."

"गंजी इथं हाय. सगळी गंजी बैलबंडीत भरून परत वावरात नेऊ काय? कोण नेईल? आणि कायसाठी? त्या बाटल्यांसाठी?"

"हाव."

ट्रॅक्टरवाला इंजिन बंद न करता बसला होता. त्यानं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, मले पुढं जावं लागते," म्हणाला. मी फाटक सोडलं नाही. तो गेला.

मुलगा तिथं उभा राहिला. "तिले एक फोन लावून विचारलं असतं," तो म्हणाला. "तिनं स्वतः म्हटलं असतं, होऊ द्या."

म्हटलं असतं, हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच मी फोन लावला नाही, आणि त्यालाही लावू नको म्हटलं. बापाचं सोयाबीन एका बाजूला आणि तिची बाटली एका बाजूला असं तिच्यापुढं मांडलं असतं तर तिनं बाटली सोडली असती, आणि पुढं कधी बोललीही नसती. हे मला पुरतं कळत होतं.

पाऊस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. दोन ताडपत्र्या होत्या, तरी गंजीच्या एका बाजूनं पाणी शिरलं. आम्ही तिघं, मी, मुलगा आणि सून, ऊन पडल्यावर ओलं सोयाबीन उलटंपालटं करून वाळवत होतो. शेंगा काळ्या पडल्या होत्या. काहींना आतून मोड आला होता. मुलगा माझ्याशी बोलला नाही. त्याच्या आईसारखा आहे तो, रागावला की आवाज करत नाही. जेवायला बसताना माझ्या ताटाकडे पाठ करून बसायचा.

पोर आली ती सरळ खोलीत गेली. मी किल्ली दिली आणि बाहेर थांबलो. ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग आली, आणि तिच्या मुठीत ती बाटली होती.

"हाय," म्हणाली.

मला भिंग दिलं. मी पाहिलं. बाटलीच्या बुडाशी खडीसाखरेच्या कणासारखं काहीतरी, पण कडा अशा सरळ की कोणी घासून काढल्यासारख्या. शेजारी दुसरं काहीच नव्हतं. मी भिंग परत दिलं.

मग तिचं लक्ष मागच्या आवाराकडे गेलं. गंजी पसरलेली, काळी पडलेली. तिनं आईला विचारलं, आईनं सांगितलं. ती माझ्याकडे आली.

"आबाजी, मले विचारलं का नाही? बाटल्या उचलून वाळूच्या टोपल्यात ठेवल्या असत्या. कदाचित काही झालं नसतं."

"कदाचित?"

"कदाचित झालंही असतं. मले माहीत नाही."

"मंग मी काय चुकीचं केलं?"

ती वळली. बापाकडे गेली, त्याच्यासोबत सोयाबीन उलटायला लागली. तिच्या डोक्यावर रुमाल नव्हता तेव्हा त्यानं आपला काढून दिला.

दुसऱ्या दिवशी ती शहराला गेली. बाटलीतला थोडा रस तसाच ठेवून, खडा त्यातच बुडवून नेला. कोरडा झाला तर तडकतो म्हणे. तिथं त्यांनी तो केसासारख्या बारीक काडीच्या टोकावर चिकटवला, मशीनमध्ये ठेवला, आणि त्यावर एक्स-रे सोडत तो गोल गोल फिरवला. असा दिवसभर. एक्स-रे आरपार जाताना वळतात, मागच्या पडद्यावर ठिपके पडतात, आणि त्या ठिपक्यांवरून आत कोण कुठं बसलं आहे ते काढतात. तिच्या आजीचा पाय यवतमाळला एक्स-रेनं पाहिला होता तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. पायाचं हाड दिसलं होतं, पण आत काय चाललं आहे ते कोणी सांगू शकलं नव्हतं. 

फोन तिनं बापाला लावला, मला नाही. तो आवारात होता. मी ओसरीवरून पाहत होतो. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "जेवली का?" मग पुन्हा ऐकलं. फोन खिशात ठेवला आणि माझ्याजवळ आला. गंजी भिजल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला.

"खडा चांगला निघाला म्हणते," तो म्हणाला. "सगळं दिसलं म्हणते."

मी म्हटलं, "बरं."

तो तिथंच बसला, बाजेच्या दुसऱ्या टोकाला.  पाठ माझ्याकडे नव्हती.

दिवाळीत ती चित्र घेऊन आली. कागदावर रंगीत गोळे आणि काड्या. मी चष्मा लावला. तिनं बोटानं दाखवलं. मधला मोठा गोळा जस्त. त्याच्या भोवती चार हिरवे गोळे क्लोरिनचे, चुलीच्या तीन दगडांवर चौथा ठेवावा आणि जस्त त्यांच्या आतल्या पोकळीत बसावं असे. हे घर सुटं, औषधाला काडीनं जोडलेलं नाही. त्याच्या आजूबाजूला गोळीतलं औषध, मधोमध पीळ दिलेलं, दोन्ही बाजू एका पातळीत नाहीत. त्याच्या अंगावर नायट्रोजनचे निळे गोळे आणि त्यांच्यावर बारके पांढरे, ते हायड्रोजन. आणि त्या पांढऱ्यांपासून हिरव्यांपर्यंत तुटक ठिपक्यांच्या रेषा.

"या अशा तुटक कायले?" मी विचारलं. "बाकीच्या काड्या तं सलग हाय."

"त्या सलग काड्या पक्क्या बांधणीच्या. हे हायड्रोजन फक्त क्लोरिनकडे ओढले जाते. चिकटत नाही, पण सुटतही नाही. एकेक ओढ कमजोर हाय. पण पाह्या किती हाय. सगळा खडा याच्यावरच उभा हाय."

"गोठ्याचा कूड असते तसं. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, एकेकीत काय दम असते?"

"तसं नाही, आबाजी. कुडाले तुम्ही दोरीनं बांधता. इथं बांधणारं कोणी नाही. ते आपोआप असं बसते, आणि दर वेळी असंच बसते."

मी चित्र जवळ घेतलं. एका पांढऱ्या गोळ्यापासून दोन रेषा निघाल्या होत्या, एक या क्लोरिनकडे, एक त्याच्या शेजारच्याकडे. मी म्हटलं, इथं चूक झाली. एकाला दोन कशा?

"चूक नाही. तो मधात हाय. दोघांकडे कललेला."

"मंग कोणाचा तो?"

"दोघांचाही. थोडा थोडा."

"असं नसते," मी म्हटलं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीसाठी मी अर्धं आयुष्य शेजाऱ्याशी भांडलो आहे. झाड कोणाचं तरी एकाचंच असतं.

"इथं असते, आबाजी. मोजून पाह्यलं. अंतर पण काढलं."

मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, आणि तसं मी तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, की मॅडमनीही तिथंच बोट ठेवलं होतं आणि पुन्हा तपासायला लावलं होतं.

मग जे विचारायचंच होतं ते मी विचारलं. "याची गोळी होईल का? पह्यलीपेक्षा चांगली?"

"माहीत नाही. बहुतेक नाही. हे मीठ कोणी खाणार नाही. आत कोण कसं बसते एवढंच आता माहीत झालं. पुढं कोणाच्या कामी पडेल तं पडेल."

तिच्या आजीच्या कामी तर ते पडणारच नव्हतं. सून दिवे लावत होती. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं, कारण आता आत ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि सुनेनं विचारल्याशिवायच एक दिवा त्या उंबऱ्यावरही ठेवला. मी तो राहू दिला.

जेवताना पोर म्हणाली की मॅडमनी हा विषय पुढं चालवायला सांगितलं आहे. याच औषधाचं, पण जस्ताऐवजी दुसऱ्या धातूचं मीठ करून पाहायचं. कॉलेजातलं बांधकाम काही संपलेलं नाही. तेव्हा खोली पुन्हा लागेल.

मी बोलायच्या आधी मुलगा बोलला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "लाग कामाले. पण येत्या साली गंजी लावाच्या आधी सांगजो, बाई. वावरातच लावून टाकू."